अर्धी भुवई

९ जून

प्रिय वहिनी,

‘तुझे साहेब माणूस म्हणून कसे आहेत?’ असं तू विचारलंस, आणि मी नुसती पेन धरून बसले. मला उत्तर देता येत नाही. जे दिसतं तेवढं सांगते.

सकाळी आल्या आल्या ते शिपायापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना स्वतः आधी नमस्कार करतात. बूट चकचकीत, बोलणं हळू. आयुष्यभर देशोदेशी राजदूत म्हणून राहिलेला हा माणूस पाच वर्षांपूर्वी राजकारणात उतरला, पण अजून पुरता उतरलेला नाही. सभेत हजारो लोकांशी असं बोलतात की जणू चौघं जेवायला बसलेत, आणि घरात चौघं जेवायला बसले की भाषण करतात! हे मी नाही, त्यांच्या बायकोच म्हणाल्या. दुपारी दार बंद करून लिहायला बसतात. तेव्हा मंत्री आला तरी बाहेर थांबायचं.

त्यांची भाषा शिकायला मला महिना लागला. ‘बघतो’ म्हणाले की काम होणार नाही. ‘जरूर बघतो’ म्हणाले की मुळीच होणार नाही. काहीच न बोलता चष्मा पुसायला लागले, तर मात्र आशा धरायची.

कॉलेजात असताना मी त्यांचं पहिलं पुस्तक वाचलं होतं, ते तुला आठवत असेल. परक्या बंदरात बुडालेल्या कामगारांच्या शवपेट्यांवर चुकीची नावं चिकटवली होती. राजदूत स्वतः विमानतळाच्या गोदामात उभा राहिला, एकेक पेटी उघडायला लावली, ओळख पटवून नाव बदललं, आणि मगच सही केली. ते पान मी बाबांना वाचून दाखवलं होतं. पाट्या रंगवण्यात जन्म गेलेला माणूस, ते एवढंच म्हणाले, ‘नाव बरोबर लावणं सोपं नसतं.’ ज्याने हे केलं त्या माणसाच्या हाताखाली काम करायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

दादाबद्दल अजून त्यांच्याशी बोलले नाही. योग्य वेळ यायला हवी. मला इथे माझ्या कामाने ओळख मिळवायची आहे, मागणाऱ्यांच्या रांगेतली एक म्हणून नाही.

आई-बाबांना नमस्कार. छोटीला पापा.

तुझी नणंद


२१ जून

कु. पदवीधर बाई यांस,

चार पानं लिहिलीस, साहेबांच्या बुटांचं पॉलिशसुद्धा कळलं, आणि तुझा सख्खा भाऊ शेवटच्या चार ओळींत! योग्य वेळ म्हणजे काय गं? मुहूर्त काढायचा आहे का?

तो परदेशातल्या गोदीत वेल्डिंगला गेला तेव्हा छोटी पोटात होती. आता ती शाळेत जाते. कंत्राटदाराने सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात घातले, सगळ्यांनी काम थांबवलं, आणि ‘आमचे पासपोर्ट द्या’ हे सगळ्यांच्या वतीने बोलायला आमचे हे पुढे. घरात दिवा लाव म्हटलं तर तीनदा सांगावं लागायचं, तिथे मात्र पुढे! त्या गडबडीत शेड कोणी पेटवली ते देवाला ठाऊक. बाकीचे हळूहळू घरी आले. आळ याच्यावर आला, पुढे उभा राहिलेला तुरुंगात राहिला.

परवा त्याचं पत्र आलं. मजकूर त्याचा आहे, अक्षर त्याचं नाही. खाली लिहिलंय, ‘डोळ्यांना जरा त्रास आहे, म्हणून शेजारच्याकडून लिहून घेतोय.’ जरा म्हणजे किती, ते तूच ओळख; डाव्या भुवईवर ठिणगी पडून ती अर्धी जळली तरी ‘काही नाही गं’ म्हणणारा माणूस तो. आईंना मी ते पत्र वाचून दाखवलं, हातात दिलं नाही.

दारावर बाबांनी तुझ्या नावाची पाटी लावलीये, पुढे ‘बी.ए.’ सोनेरी रंगात. येणारे-जाणारे थांबून वाचतात. मी आत मशीनवर शाळेचे गणवेश शिवत असते, आणि मनात म्हणते, एवढं शिकून ही एक वाक्य बोलू शकत नाही.

मागणाऱ्यांच्या रांगेत उभी राहा. लाज वाटली तर माझ्या नावाने राहा.

वहिनी


३० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून त्याच दिवशी बोलले होते. तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. साहेब ऐकत होते. मी दादाची अर्धी भुवई सांगितली, दुसऱ्याच्या अक्षरातलं पत्र सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. चष्मा काढला आणि पुसायला लागले. वहिनी, मला तिथेच रडू फुटलं.

दादा अडकलाय त्या देशात ते पूर्वी राजदूत होते. तुरुंगांचं खातं आज ज्यांच्याकडे आहे, ते त्यांचे तेव्हापासूनचे मित्र. रोज संध्याकाळी दोघं त्या मित्राच्या बागेत फिरायचे म्हणे. गेल्या आठवड्यात एका परिषदेसाठी साहेब तिकडे गेले होते. परत आल्यावर मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, ‘नव्या वर्षाला तिकडे काही कैद्यांना माफी देतात. तुझ्या भावाचं नाव त्यात असेल. माझ्या मित्राने शब्द दिलाय.’

मी कागद आहे का असं विचारलं. ते हसले. ‘कागद असता तर मी घाबरलो असतो.’

पण अट आहे. याची वाच्यता कुठेही नको. ते आपल्या मर्जीने सोडतायत, एवढंच दिसलं पाहिजे. बाहेरच्या कोणाच्या सांगण्यावरून सोडलं असं जराही दिसलं, तर नाव जाईल. ‘समोरच्याला मान खाली घालायला लावून आजवर कोणी काही मिळवलेलं नाही,’ असं साहेब म्हणाले. त्यांचा धंदा मला त्या दिवशी समजला. इतकं काम करायचं आणि ते आपण केलं हे कोणाला कळू द्यायचं नाही! मला ते फार मोठं वाटलं.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं आज वाटतंय.

आईलासुद्धा सांगू नकोस. तिला आनंद लपवता येत नाही.

तुझी नणंद


१२ सप्टेंबर

अगं बाई,

सांगितलं नाही. कोणालाच नाही. तोंडात टाचण्या धरून बसायची सवय आहे मला.

फक्त एक केलं. निळं कापड उरलं होतं, त्याचा त्याच्यासाठी शर्ट बेतायला घेतला. जुन्या मापाने कापू की एक बोट कमी करू, ते ठरेना. शेवटी जुन्या मापानेच कापला. सैल झाला तर झाला, पुन्हा भरेल अंगाने.

आईंनी विचारलं, कोणाचा गं? म्हटलं, गिऱ्हाइकाचा.

तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस. मला माहीतच नाही ना.

वहिनी


४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

इथे निवडणुकीची धामधूम सुरू झाली आहे आणि साहेबांचं नवं पुस्तकही छापायला गेलं आहे. दोन्ही एकदम. माझ्या टेबलावर एका बाजूला प्रचाराची पत्रकं, दुसऱ्या बाजूला प्रुफं. शाई कुठली कुठे लागते.

तुला एक सांगायचं आहे. आनंदाने सांगू की कसं, कळत नाही.

पुस्तकाला शेवट नव्हता. राजदूतपणाच्या आठवणी संपतात आणि राजकारणाची कहाणी नीट सुरू होत नाही, अशी प्रकाशकांची तक्रार होती. एका दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं आणि सांगायला सुरुवात केली. संध्याकाळची बाग, दोन म्हातारे मित्र, आणि परक्या तुरुंगात अडकलेला एक वेल्डर. मी लिहीत होते. मध्येच थांबले. म्हटलं, ‘साहेब, पण वाच्यता?’

ते म्हणाले, ‘नाव नाही, गाव नाही, देशसुद्धा नाही. हे साहित्य आहे. आणि पुस्तक बाहेर पडेपर्यंत नवं वर्ष उजाडलेलं असेल.’

त्यांना माझ्याहून जास्त कळतं. मी पुढे लिहिलं. मग त्यांनी विचारलं, ‘या वेल्डरचा चेहरा दिसत नाही. काहीतरी दे.’ मी म्हटलं, ‘त्याची डावी भुवई ठिणगीने अर्धी जळलेली होती, त्यामुळे तो कायम जरा शंका घेत असल्यासारखा दिसायचा.’ साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं. म्हणाले, ‘या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं वाक्य तुझं आहे. तू एक दिवस लेखिका होशील.’

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, पण मला तेच व्हायचं आहे.

तुला ते प्रकरण वाचायला मिळेल तेव्हा दादा तुझ्या शेजारी बसून ते ऐकत असेल, असं मी रोज मनात आणते.

तुझी नणंद


२ डिसेंबर

पदवीधर बाई,

वाचायला मिळालं.

काल समोरच्या शाळेतले गुरुजी वर्तमानपत्र घेऊन धावत आले. पान भरून साहेबांचा मजकूर, खाली ‘आगामी पुस्तकातून’. गुरुजींनी दारातच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. भुवईपाशी आले आणि थांबले. आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग जे व्हायचं ते झालं. गल्ली गोळा झाली. कोणी बाबांचे हात हातात घेतले, कोणी म्हणालं, मुलीने भावाला सोडवलं. आई इतक्या वर्षांनी हसल्या. मी त्यांना थांबवू शकले नाही. काय म्हणून थांबवणार होते?

मी शिकलेली नाही. तरी विचारते. नाव नव्हतं, तरी आमच्या गल्लीला कळलं. मग तिकडच्या तुरुंगात काय आंधळे बसलेत? पुस्तक नव्या वर्षानंतर, आणि वर्तमानपत्र आधी? वाच्यता नको ही अट आपल्यालाच होती का? मोठ्या माणसांनी छापली की ती वाच्यता नसते का?

मला तोंडात टाचण्या धरायला सांगितलंस. मी धरल्या. तू का सोडल्यास?

शर्टाची बटणं लावायची राहिलीत. आज हात चालत नाही.

वहिनी


१० जानेवारी

प्रिय वहिनी,

यादी आली. दादाचं नाव नाही.

तुला आतापर्यंत कळलंच असेल. तरी मला हे माझ्या हाताने लिहायला हवं.

मजकूर वर्तमानपत्रात द्यायचा हे प्रकाशकांनी ठरवलं, साहेबांनी होकार दिला, मतदानाआधी. मी पाकिटात घालून तो पोचता केला. नवं वर्ष अजून महिनाभर लांब आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही, मी पाहत होते की माझं वाक्य कुठे कापलं तर नाही ना. तिकडच्या वर्तमानपत्रांनी ते उचललं. ती बाग कोणाची, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. त्या तुरुंगात अर्धी भुवई असलेला वेल्डर एकच होता. साहेबांच्या मित्राकडून खातं काढून घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही.

साहेब निवडून आले. मोठ्या फरकाने. हार घालायला लोक जिन्यापर्यंत उभे होते. मी वाट पाहिली आणि शेवटचा माणूस गेल्यावर आत गेले. त्यांनी मला पाणी दिलं. खरंच, स्वतः उठून. म्हणाले, ‘फार वाईट झालं. माझा वीस वर्षांचा मित्र गेला.’ त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. मी वाट पाहत राहिले की आता ते दादाबद्दल बोलतील. मग म्हणाले, ‘पुढे संधी मिळाली तर जरूर बघतो.’

जरूर बघतो, वहिनी.

मी नोकरी सोडून घरी येणार होते. पण इथे राहिले नाही तर दादाची बातमी लागायचा एवढाही मार्ग उरत नाही.

मला शिव्या दे. गप्प बसू नकोस.

तुझी नणंद


६ फेब्रुवारी

मी तुझ्या साहेबांना पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं. ‘आपल्या भावनांची मी नोंद घेतली आहे. आपल्या धीराचं मला कौतुक वाटतं. अंधारातही माणूस हाताने चाचपून दार शोधतो, तसं आपण सर्व जण प्रयत्न करत राहू.’ खाली सही त्यांची.

हे चाचपून दार शोधणारं वाक्य तुझं आहे. मी ओळखलं. ज्याचे डोळे जातायत त्याच्या बायकोला तू हे टाइप करून पाठवलंस. पाकिटावर माझं नाव लिहिताना काही वाटलं नाही?

तुला शिव्या देणार नाही. तेवढंही तुला मिळू नये असं वाटतं.

त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलंय, आत कुठेतरी. पत्र बंद.

छोटी विचारते, शर्ट कोणाचा? आता आईच सांगतात, गिऱ्हाइकाचा.


३ एप्रिल

प्रिय वहिनी,

ते वाक्य माझंच होतं. साहेबांनी ‘काहीतरी धीराचं लिही’ म्हटलं, आणि मी लिहिलं. पाकिटावर तुझं नाव लिहिताना वाटलं. तरी लिहिलं.

आता नीट ऐक. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल, आईच्या किंवा गुरुजींच्या हाती पडू देऊ नकोस.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला दुपारी आत बोलावलं. त्या दुपारी ते लिहीत नव्हते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, तिची प्रुफं समोर होती. त्यांनी सांगितलं की तिकडच्या नव्या अधिकाऱ्याचा निरोप आला आहे, तिसऱ्याच कोणाकडून, तोंडी. त्यांना तो वेल्डर ठेवून घेण्यात काही रस नाही. त्याचे डोळे गेलेत, आता तो त्यांनाही जड झालाय. पण सोडला, तर बागेतला शब्द खरा होता असं ठरतं, परक्या पुढाऱ्यापुढे वाकलो असं दिसतं. म्हणून सोडता येत नाही.

‘भिंतीवर चढून बसलेल्या माणसाला उतरायला शिडी द्यावी लागते,’ साहेब म्हणाले. ‘असा काही शब्द कधी दिलाच गेला नव्हता, असं इकडून कोणी जाहीर केलं, तर त्यांना उतरता येईल.’

मी म्हटलं, ‘मग तुम्ही करा.’

‘मी केलं तर मी खोटं लिहिलं असं होईल. सरकार अडचणीत येईल. शिवाय माझ्यावर तिकडे कोण विश्वास ठेवेल?’ मग खिडकीकडे पाहत, ‘एखाद्या तरुण सहायकाकडून, भावनेच्या भरात, अतिशयोक्ती होऊ शकते.’ आणि त्यांनी चष्मा काढला, पुसायला लागले.

त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. कोर्टात उभी केलीस तरी मला हेच सांगावं लागेल.

मी त्यांना एवढंच विचारलं, ‘गोदामातल्या त्या शवपेट्या, ते तरी खरं होतं का?’ त्यांनी समोरची प्रुफं बाजूला सारली. मग म्हणाले, ‘ते खरं होतं. तेव्हा मला कोणी ओळखत नव्हतं.’ त्या क्षणी ते मला इतके म्हातारे दिसले की माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. तू पहिल्यांदा विचारलेला प्रश्न मी परत करते आहे, वहिनी. मला नाही सांगता येत.

यातून दादा सुटेल की नाही, ठाऊक नाही. सुटला तरी त्याला कोणी दिसणार नाही. चेहरे त्याला तुम्हीच सांगायचे, छोटीचा आधी. नाही सुटला, तर मी हे उगाच केलं असं होईल. शिडी लावून ठेवली तरी माणूस उतरेलच असं नाही, हे साहेबांनी सांगितलं नाही, पण मी त्यांची भाषा शिकले आहे.

गल्लीत आता लोक बोलतील. भावाच्या दुःखावर गोष्ट रचली, साहेबांना फसवलं, आई-बापांना खोटी आशा लावली. बोलू दे. तूही त्यांच्यासारखंच बोल. आईसमोर तर नक्कीच बोल, तिला लपवता येत नाही. बाबांना पाटी उतरवून ठेवावीशी वाटली तर त्यांना अडवू नकोस. प्रकाशकांकडे मला प्रुफं तपासायचं काम मिळायचं होतं, त्यांनी आज निरोप पाठवला की नको. साहेबांच्या कार्यालयाने मला काढून टाकल्याचं काल संध्याकाळीच जाहीर केलं. ते पत्रकही छान लिहिलं होतं. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार दिसते.

शर्टाची बटणं लाव. पुढे नाही, गळ्याजवळ एकच ठेव आणि डोक्यातून घालता येईल असा कर. त्याला चाचपावं लागू नये.

निवेदन काल सकाळी तिन्ही मोठ्या वर्तमानपत्रांत छापून आलं. खाली माझं पूर्ण नाव आहे, पुढे बी.ए.सुद्धा, ते मीच घालायला लावलं. माझं नाव पहिल्यांदाच छापून आलं. त्यात मी लिहिलं आहे की ती बाग, तो शब्द, सगळं माझ्या मनाचं होतं, आणि अर्ध्या जळलेल्या भुवईचा असा कोणीही माणूस मी कधी पाहिलेला नाही.

तुझी नणंद